दुसऱ्या वर्षाची दोन मॉड्यूल राहिली आहेत, पण ही ‘केटी’ नव्हे

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. इंग्लंडमधील एका विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांच्या पदवीचे दुसरे वर्ष तुम्ही नुकतेच संपवले आहे. सहापैकी चार मॉड्यूलमध्ये, म्हणजे विषयांमध्ये, तुम्हाला ६४, ६२, ५८ आणि ५५ गुण आहेत, थर्मोडायनॅमिक्समध्ये ३७ आणि कंट्रोल सिस्टिम्समध्ये २४. निकाल अजून ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता, आहे आणि तो कायम करणाऱ्या परीक्षा मंडळाची बैठक दोन आठवड्यांवर आली आहे. पुण्यात इंजिनिअरिंग करणारा चुलतभाऊ दोन विषयांची केटी घेऊन, म्हणजे ते विषय राहिलेले असतानाच, वरच्या वर्षात बसला. तसे इथे बसता येईल का, वर्ष वाया जाईल का, व्हिसाचे काय होईल आणि जुलैअखेर नाशिकला जाण्यासाठी काढलेल्या तिकिटाचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिले आहे: परीक्षेच्या आठवड्यात वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, त्या काळजीत कंट्रोलच्या पेपरला गेलोच नाही, आणि हे इथे कोणाला सांगितलेले नाही.

मिडलँड्समधील एका विद्यापीठात मी अठरा वर्षे इंजिनिअरिंग शिकवतो आहे आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे आमच्या विभागाच्या परीक्षा मंडळावर बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते शेवटचेच आहे. बाकीच्या गोष्टींचा बराचसा निकाल त्या वाक्याचे तुम्ही येत्या आठवड्यात काय करता यावर लागणार आहे. मात्र प्रत्येक विद्यापीठाची नियमावली वेगळी असते. खाली जिथे ‘बहुतेक ठिकाणी’ असे म्हटले आहे तिथे तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील चालू शैक्षणिक वर्षाची नियमावली उघडून खात्री करून घ्या, आणि त्यावर तुमच्या अभ्यासक्रमाचे खास अपवाद असतील तर तेही पाहा.

केटीची तुलना आधी बाजूला ठेवू, कारण आपल्याकडची मुले इथे चुकतात ती बहुधा याच जागी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे निम्मे श्रेयांक मिळाले की दुसऱ्या वर्षात बसता येते; तिसऱ्या वर्षात जाताना मात्र पहिले वर्ष पूर्ण सुटलेले आणि दुसऱ्याचे निम्मे श्रेयांक हातात असावे लागतात. म्हणजे राहिलेले विषय पाठीवर घेऊन पुढे चालण्याची मुभा त्या रचनेतच आहे. इंग्लंडमध्ये ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची, दर वर्षी १२०, आणि एक क्रेडिट म्हणजे कागदोपत्री दहा तासांचा अभ्यास. वीस क्रेडिटचे एक मॉड्यूल म्हणजे दोनशे तास. पुढच्या वर्षात जायचे तर बहुतेक ठिकाणी त्या वर्षाची सर्वच्या सर्व १२० क्रेडिट पदरात पडावी लागतात. काही विद्यापीठे वीस किंवा तीस क्रेडिट मागे ठेवून पुढे जाऊ देतात, पण इंजिनिअरिंगमध्ये ती सवलत विरळ आहे. दार प्रत्येक वर्षाच्या शेवटी असते, हे खरे. परंतु ते जूनमध्ये बंद होत नाही. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा होते, तिला इथे सगळे ‘रिसिट’ म्हणतात, आणि तिचा निकाल हाती घेऊन सप्टेंबरच्या मंडळात दार उघडायचे की नाही हे ठरते. तेव्हा वर्ष वाया गेले का, या प्रश्नाला जूनमध्ये उत्तरच नसते.

आता तुमच्या दोन मॉड्यूलकडे वेगवेगळे पाहू, कारण दोन्हींत ‘नापास’ हा शब्द सारखा असला तरी गोष्ट एक नाही.

कंट्रोलचे २४ गुण कसे आले, ते तुम्ही दिलेल्या तपशिलावरून कळते. चाळीस टक्के भाराच्या कोर्सवर्कमध्ये, म्हणजे वर्षभरात करून द्यायच्या कामात, तुम्हाला ६० गुण होते, त्याचे २४ झाले. साठ टक्के भाराच्या लेखी परीक्षेला गैरहजर, म्हणून तिथे शून्य. म्हणजे विषय येत नाही म्हणून तुम्ही नापास झालेला नाही; एक सकाळ तुम्ही परीक्षागृहात नव्हता म्हणून झालात. अशा वेळेसाठी प्रत्येक विद्यापीठात एक प्रक्रिया असते, तिला कुठे ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’, कुठे ‘एक्स्टेन्युएटिंग’, कुठे ‘एक्सेप्शनल’ म्हणतात. अर्ज मान्य झाला तर ती गैरहजेरी प्रयत्न म्हणून मोजली जात नाही. ऑगस्टची परीक्षा तुमचा पहिला प्रयत्न ठरते आणि तिचे गुण जसेच्या तसे धरले जातात. अर्ज केलाच नाही किंवा फेटाळला गेला, तर तीच ऑगस्टची परीक्षा दुसरा प्रयत्न ठरते आणि गुण कितीही मिळाले तरी नोंद उत्तीर्णतेच्या ४० वरच थांबते. प्रश्नपत्रिका एकच, परीक्षागृह एकच, तुमची उत्तरपत्रिकाही एकच. फरक फक्त जूनमध्ये भरलेल्या एका अर्जाचा.

एक विचित्र योगायोग तुमच्या बाजूचा आहे, तो सांगून ठेवतो. अनेक विद्यापीठांत ‘फिट टू सिट’ असा नियम असतो. विद्यार्थी परीक्षेला येऊन बसला म्हणजे आपण परीक्षा देण्याच्या स्थितीत आहोत असे त्याने स्वतःच जाहीर केले असे धरतात, आणि नंतर अडचण सांगितली तर ती सहसा ऐकली जात नाही. तुम्ही मन घट्ट करून गेला असता आणि अर्धा तास बसून कोरी उत्तरपत्रिका देऊन आला असता, तर आजच्यापेक्षा वाईट जागी असता.

अर्ज करताना पुरावा लागतो आणि तो त्या तारखांचा लागतो. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, दाखल केल्याची तारीख असलेले बिल, शस्त्रक्रियेचा अहवाल यांपैकी जे असेल ते आजच घरून स्कॅन करून मागवा. आपल्याकडची ही कागदपत्रे बहुधा इंग्रजीत असतात, त्यामुळे भाषांतराची अडचण येऊ नये. वडिलांशी तुमचे नाते दाखवायला पासपोर्टच्या शेवटच्या पानाची प्रत जोडा, त्यावर वडिलांचे नाव असेल तर ते काम भागते. अर्जाची नेहमीची मुदत परीक्षेनंतर काही दिवसांतच संपते, तेव्हा तुमचा अर्ज उशिराचा धरला जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग ‘आधी का सांगितले नाही’ या रकान्यात काहीतरी लिहावे लागेल. इथे मुले घाबरून कारण रचतात. तसे अजिबात करू नका. घरचे दुखणे बाहेर सांगायचे नसते असे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेले असते आणि अशी प्रक्रिया असते हेही ठाऊक नसते, ही खरी गोष्ट आहे, तीच सरळ लिहा. नियम माहीत नव्हता एवढे कारण बहुतेक समित्या पुरेसे मानत नाहीत. पण त्या आठवड्यात तुम्ही रोज रात्री भारतातल्या वेळेप्रमाणे फोनवर जागत होता, खाणेपिणे सुटले होते, कोणाला लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हता, याला काही आधार असेल, एखाद्या डॉक्टरची भेट, पर्सनल ट्यूटरला (विद्यापीठाने तुम्हाला नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकाला) न पाठवलेला मसुदा, मित्राला केलेला मेसेज, तर तो जोडा. मंडळाची बैठक होण्यापूर्वी आलेला उशिराचा अर्ज आणि बैठकीनंतर आलेला अर्ज यांत फार मोठे अंतर आहे. आधी आला तर तो एक अर्ज असतो. नंतर आला तर ते अपील होते, त्याची मुदत बहुतेक ठिकाणी दोन-तीन आठवड्यांचीच असते आणि त्यात नवा पुरावा आधी का देता आला नाही हे सिद्ध करावे लागते.

‘सरांना भेटून काही होईल का’ हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण घरचे विचारतील, म्हणून लिहितो. होत नाही. बहुतेक परीक्षा मंडळांसमोर नावे नसतात, क्रमांक असतात. बाहेरच्या विद्यापीठातला एक परीक्षक तिथे बसलेला असतो आणि मंडळाला नियमावलीबाहेर जाऊन दया दाखवण्याचा अधिकारच नसतो. रिचेकिंग, रिव्हॅल्युएशन, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी हा आपल्याकडचा मार्गही इथे नाही. गुणांची बेरीज चुकली आहे का एवढे तपासून मिळते. दिलेले गुण योग्य होते का, हा परीक्षकांचा शैक्षणिक निर्णय मानला जातो आणि त्यावर अपील चालत नाही. पर्सनल ट्यूटरला मात्र जरूर भेटा. तो गुण बदलू शकत नाही, पण ‘हा विद्यार्थी वर्षभर नियमित होता आणि मे महिन्यात अचानक गप्प झाला’ असे दोन ओळींचे पत्र तो देऊ शकतो, आणि अशा पत्राचे वजन मी समितीत पाहिलेले आहे. विद्यार्थी संघाचे सल्ला केंद्रही विनामूल्य असते. तिथले लोक विद्यापीठाचे नोकर नसतात आणि अर्जाचा मसुदा वाचून देतात.

आता थर्मोडायनॅमिक्सचे ३७. इथे दुसरी गोष्ट लागू होते, तिला ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. आपल्याकडच्या ग्रेस गुणांशी लोक तिची तुलना करतात, पण ग्रेसमध्ये गुण वाढतात, इथे वाढत नाहीत. नोंद ३७चीच राहते, फक्त बाकीच्या मॉड्यूलमधील कामगिरी चांगली आहे म्हणून क्रेडिट मात्र देऊन टाकतात. अट साधारणतः अशी असते की गुण ठरावीक किमान मर्यादेच्या वर असावेत आणि वर्षाची सरासरी उत्तीर्णतेच्या वर असावी. तुमची आजची सरासरी, ते शून्य धरूनही, बरोबर ५० आहे. त्यामुळे ही अट तुम्ही पुरी करता. मात्र मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदवीला त्यावर आणखी एक चौकट आहे. अशा मान्यतेचे निकष ठरवणाऱ्या इंजिनिअरिंग कौन्सिलच्या धोरणाप्रमाणे संपूर्ण पदवीत मिळून जास्तीत जास्त ३० क्रेडिटनाच असे कॉम्पेन्सेशन देता येते. मॉड्यूल वीस-वीस क्रेडिटची असतील तर याचा अर्थ तीन वर्षांत एकच वेळ. तुम्ही ती आज वापरली तर तिसऱ्या वर्षात ती उरणार नाही, आणि तिसऱ्या वर्षात तिची किंमत जास्त असते, कारण तिथे एखादे मॉड्यूल तीन गुणांनी राहिले तर पदवीच लांबते.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न परीक्षा विभागाला लेखी विचारायला लावतो: कॉम्पेन्सेशन आपोआप लागते की मला ते नाकारून फेरपरीक्षा देता येते, आणि दिली तर दोहोंपैकी जास्त गुण धरतात की नंतरचे? जास्त गुण धरत असतील तर फेरपरीक्षा देण्यात तोटा जवळपास नाही. तुम्ही सुटलात तर राखीव संधी शिल्लक राहते. नाही सुटलात तर मंडळ जुन्या ३७ वर कॉम्पेन्सेशन देऊ शकते. नंतरचेच गुण धरत असतील तर मी धोका पत्करणार नाही, कारण ऑगस्टमध्ये २९ पडले तर हातातले ३७ही जातात. बऱ्याच विद्यापीठांत हा पर्याय विद्यार्थ्याला मिळतच नाही आणि कॉम्पेन्सेशन आपोआप लागते. मग प्रश्न मिटला. पण एक सांगतो, क्रेडिट मिळाले म्हणून थर्मोडायनॅमिक्स येऊ लागले असे होत नाही. तिसऱ्या वर्षी उष्णतावहन किंवा इंजिनांचे मॉड्यूल घेणार असाल तर एन्ट्रॉपीच्या प्रकरणापासून उन्हाळ्यात पुन्हा वाचा. कॉम्पेन्सेशनवर सुटलेल्या विद्यार्थ्यांना पुढच्या वर्षी त्याच धाग्यातल्या विषयात अडकताना मी इतक्यांदा पाहिले आहे की ही सूचना मी आता निकालाच्या दिवशीच देऊन टाकतो.

या सगळ्याचा अंतिम श्रेणीवर किती परिणाम होतो, हे आकड्यांत पाहू, कारण काळजी बहुधा आकड्यांपेक्षा मोठी असते. पुष्कळ ठिकाणी पहिले वर्ष श्रेणीत मोजत नाहीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा भार १:२ किंवा १:३ असा असतो. ७० ला फर्स्ट, ६० ला टू-वन, ५० ला टू-टू, ४० ला थर्ड. समजा १:२ भार आहे, थर्मोचे ३७ तसेच राहिले आणि कंट्रोल ४० वर थांबले. तुमची दुसऱ्या वर्षाची सरासरी ५२.६७ होईल आणि टू-वन मिळवायला तिसऱ्या वर्षी सरासरी ६३.६७ लागेल. याउलट अर्ज मान्य झाला आणि ऑगस्टच्या लेखी परीक्षेत तुम्ही ५५ मिळवले, तर कोर्सवर्कचे २४ आणि लेखीचे ३३ मिळून कंट्रोलचे ५७ होतात, वर्षाची सरासरी ५५.५ होते आणि तिसऱ्या वर्षी ६२.२५ पुरतात. फरक दीड गुणाच्याही आतला आहे. काही विद्यापीठे सर्वांत कमी गुणांची वीस क्रेडिट गणनेतून वगळतात, तिथे तर हे चित्र आणखी सौम्य होते. चार मॉड्यूलमध्ये तुम्हाला ५५ ते ६४ गुण आहेत, तेव्हा टू-वन अवघड आहे, अशक्य नाही.

मग अर्जासाठी इतका आटापिटा का, असे तुम्ही विचाराल. कारण गुणांची मर्यादा ही त्यातली छोटी गोष्ट आहे. मोठी गोष्ट प्रयत्नांची मोजणी आहे. अर्ज मान्य झालेला विद्यार्थी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा परीक्षा देत असतो, म्हणून तो त्यात अडखळला तरी त्याची फेरपरीक्षा अजून बाकी असते. अर्ज न केलेल्याची तीच शेवटची संधी असू शकते, किंवा त्यानंतर संपूर्ण मॉड्यूल पैसे भरून, वर्गात बसून पुन्हा करावे लागते. परदेशी विद्यार्थ्याला शुल्क क्रेडिटच्या प्रमाणात पडते. वार्षिक शुल्क १८,००० पौंड असेल तर वीस क्रेडिटला ३,००० पौंड. मर्यादा मॉड्यूलवर लागते की फक्त राहिलेल्या घटकावर, हेही नियमावलीत पाहून ठेवा. घटकावर लागत असेल तर कोर्सवर्कचे ६० अबाधित राहतात आणि लेखीचे ४० धरून मॉड्यूलची नोंद ४८ होते, ४० नाही. हा बारकावा विद्यार्थ्यांना सोडा, नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांनाही अनेकदा ठाऊक नसतो.

व्हिसाविषयी लिहिण्याआधी माझी एक चूक कबूल करतो. सुरुवातीच्या वर्षांत एका भारतीय विद्यार्थिनीचे एकच मॉड्यूल ऑगस्टमध्येही राहिले. मंडळाने तिला पुढच्या मे महिन्यात हजेरीशिवाय फक्त परीक्षा देण्याची परवानगी दिली. मी तिला म्हटले, बरे झाले, सबंध वर्ष फी भरावी लागणार नाही. तिच्या व्हिसाबद्दल मी एका शब्दाने विचारले नाही. तीन आठवड्यांनी तिला विद्यापीठाचे पत्र आले: वर्षभर वर्ग नाहीत, म्हणून व्हिसाचे प्रायोजकत्व मागे घेतले जात आहे. तिने मैत्रिणींबरोबर बारा महिन्यांचा घरभाड्याचा करार आधीच केला होता. ते भाडे ती नागपूरहून भरत राहिली. स्थानिक विद्यार्थ्याला जो निर्णय सौम्य वाटतो, तोच परदेशी विद्यार्थ्याला सर्वांत जड जाऊ शकतो, हे मी त्या वर्षी शिकलो.

नियमाचे कारण समजले की पुढचे आपोआप कळते. स्टुडंट व्हिसा तुम्ही देशात राहता म्हणून नसतो, तुम्ही प्रत्यक्ष शिकत आहात याची हमी विद्यापीठ देते म्हणून असतो; हेच ते प्रायोजकत्व. शिक्षणात साठ दिवसांपेक्षा मोठा खंड पडत असेल तर विद्यापीठाला ती हमी सहसा मागे घ्यावी लागते आणि विद्यार्थ्याला घरी परतून, परतण्याच्या वेळी नवीन सीएएस (व्हिसाच्या अर्जासाठी विद्यापीठ देते ते प्रवेशाचे पुष्टीपत्र) आणि नवीन व्हिसा घ्यावा लागतो. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभारही आला. तो फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे. उन्हाळ्याची सुट्टी हा मात्र असा खंड नव्हे. ऑगस्टची फेरपरीक्षा देऊन तुम्ही सप्टेंबरमध्ये तिसऱ्या वर्षात गेलात तर तुमचा व्हिसा जसाच्या तसा चालू राहतो, कोणालाही काही कळवावे लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो ऑगस्टमध्येही कंट्रोल राहिले तरच. तेव्हा विद्यापीठ दोन पर्याय देऊ शकते: हजेरीसह मॉड्यूल पुन्हा करणे किंवा फक्त परीक्षा देणे. उत्तर देण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा की कोणत्या पर्यायात प्रायोजकत्व टिकते. एकाच मॉड्यूलसाठी हजर राहणे पुरेसे मानायचे की नाही, हे विद्यापीठागणिक बदलते. मॉड्यूल पुन्हा करण्यासाठी किंवा फेरपरीक्षेसाठी त्याच अभ्यासक्रमावर व्हिसा वाढवून घेणाऱ्याला ‘शैक्षणिक प्रगती’ची अट आड येत नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. आणि सप्टेंबरचा निकाल लागेपर्यंत पुढच्या वर्षाच्या घराच्या करारावर सही करू नका. केली असेल तर घर सोडावे लागल्यास जागेवर दुसरा भाडेकरू आणण्याची तरतूद त्यात आहे का ते पाहा.

पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर थांबायचा विचार असेल तर त्यासाठी अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला कळवलेले असावे लागते, आणि तुमचा अर्ज स्टुडंट व्हिसा संपण्यापूर्वी, देशात असतानाच जावा लागतो. वर्षभराहून मोठ्या अभ्यासक्रमाला शेवटी चार महिन्यांची मुदत जोडून मिळते, त्यामुळे तिसऱ्या वर्षाचे एखादे मॉड्यूल ऑगस्टवर गेले तरी सप्टेंबरच्या निकालानंतर अर्जाला वेळ उरतो. त्यापुढे गेले तर उरत नाही. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना पदवी आणि मास्टर्ससाठी दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार आहेत, हेही हिशेबात धरा.

हे वाचणाऱ्यांत एक वर्षाच्या एमएस्सीची मुले बरीच असतील, त्यांच्यासाठी थोडेसे अधिक. तिथे एकूण १८० क्रेडिट, उत्तीर्णता आणि फेरपरीक्षेची मर्यादा बहुतेक ठिकाणी ५० वर, आणि प्रबंध राहिला तर १२० क्रेडिटचा पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा हातात घेऊन बाहेर पडावे लागते, ज्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळत नाही. शिवाय त्यांचा उन्हाळा प्रबंधाचा असल्यामुळे तो सुट्टी धरला जात नाही. आठवड्याला वीस तासांची कामाची मर्यादा तेव्हाही लागू असते, आणि गोदामातल्या रात्रपाळ्या करून फेरपरीक्षेला बसणाऱ्यांचे निकाल मी पाहिले आहेत.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला पुढच्या हप्त्याआधी गुणपत्रक लागेल. दोन मॉड्यूलचा निकाल सप्टेंबरमध्ये येणार आहे असे विद्यापीठाचे पत्र घेऊन आधीच कळवा. लपवले की हप्ता अडतो आणि फी वेळेवर गेली नाही की आणखी एक अडचण उभी राहते.

अर्ज आणि त्यानंतरचे अपील दोन्ही फेटाळले गेले, तर विद्यापीठाकडून ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स’ पत्र, म्हणजे विद्यापीठातली प्रक्रिया संपल्याचे पत्र, मागून घ्या. त्या पत्रापासून बारा महिन्यांच्या आत इंग्लंड आणि वेल्समधील विद्यार्थ्याला ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर’ या विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे विनामूल्य तक्रार करता येते. ते गुण बदलत नाहीत. विद्यापीठ आपल्याच नियमांप्रमाणे आणि रास्तपणे वागले का, एवढेच पाहतात. तिथपर्यंत जायला महिने लागतात, म्हणून तो मार्ग माहीत असावा, पण त्याच्या भरवशावर ऑगस्टची परीक्षा सोडू नये. अपील चालू असतानाही परीक्षेला बसा.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज घरी फोन करून कागद मागवा आणि ट्यूटरला भेटीची वेळ मागा. याच आठवड्यात, कागद अपुरे असले तरी, ‘उरलेला पुरावा पाठवत आहे’ असे लिहून अर्ज दाखल करा, कारण अर्जाची तारीख पुराव्याच्या तारखेपेक्षा महत्त्वाची ठरते. त्याच पत्रात नाही, वेगळ्या ईमेलमध्ये, थर्मोच्या कॉम्पेन्सेशनचा प्रश्न विचारा. मंडळाचा निर्णय आला की ऑगस्टच्या दोन्ही शक्यता गृहीत धरून अभ्यासाला लागा.

तिकिटाबद्दल. फेरपरीक्षेचे वेळापत्रक बहुधा जुलैत लागते आणि परीक्षा शक्यतो विद्यापीठातच द्यावी लागते, म्हणून जुलैअखेरची तारीख तुमच्या कामाची नाही. पण तिकीट रद्दही करू नका. ते पुढे न ढकलता अलीकडे आणता येते का, ते विमान कंपनीला विचारा. अर्ज गेला आणि मंडळाची बैठक झाली की जूनच्या शेवटी दहा दिवस नाशिकला जाऊन वडिलांना भेटून या, कंट्रोलच्या वह्या बरोबर न्या, आणि येताना डिस्चार्ज कार्डाची रुग्णालयाच्या शिक्क्याची एक प्रत घेऊन या. समितीने मूळ कागद मागितलाच तर तो तुमच्यापाशी असेल.